डबलसीटच्या फूटरेस्टचे हायवे पेग : 11,000 किलोमीटरनंतरचे परीक्षण

कोल्हापूर ते पुणे हे सुमारे 230 किलोमीटरचे अंतर मी महिन्यातून दोनदा मोटारसायकलवरून जातो आणि तितक्याच वेळा परत येतो. मुलगी पुण्यात नोकरीला आहे, आणि पन्नाशी ओलांडली तरी लांबचा प्रवास गाडीवरून करण्याची माझी आवड कमी झालेली नाही. गाडी 2015 सालची रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आहे. तिच्यावर पाठ सरळ राहते आणि हँडल हाताशी येते, परंतु पाय ठेवायची जागा एकच असल्यामुळे गुडघा तासन्‌तास एकाच कोनात राहतो, आणि कराड येईपर्यंत माझ्या उजव्या गुडघ्यात कळ सुरू होते. गुडघ्याची थोडी झीज झाली आहे. तो सतत वाकवून ठेवू नका, अधूनमधून लांब करत राहा, एवढेच डॉक्टरांचे सांगणे होते. चालत्या गाडीवर ते पाळायचे असेल, तर पाय पुढे पसरून टेकवण्यासाठी दुसरी एक जागा हवी. लेगगार्डवर, म्हणजे गाडी पडल्यावर पाय वाचवणाऱ्या पुढच्या नळीच्या कमानीवर, बसवलेल्या अशा जादा फूटरेस्टना हायवे पेग म्हणतात.

मी हे पेग तयार विकत घेतले नाहीत. मागे बसणाऱ्याच्या, म्हणजे डबलसीटच्या, फूटरेस्टची एक जोडी घेतली, लेगगार्डच्या नळीवर बसतील असे क्लॅम्प तिच्यासाठी करवून घेतले, आणि ही जोडणी गेले वर्षभर, सुमारे 11,000 किलोमीटर, वापरली. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली असल्यामुळे मापे, सैलपणा, झीज यांच्या नोंदी ठेवण्याची सवय आहे. पुढील मजकूर त्या नोंदींवर आधारलेला आहे. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत असे बनले आहे की डबलसीटचे फूटरेस्ट या कामाला बाजारातील बऱ्याच तयार पेगांपेक्षा अधिक योग्य आहे, परंतु जोडणी चांगली ठरते की धोक्याची, हे फूटरेस्टवर नव्हे तर क्लॅम्पवर आणि बसवण्याच्या जागेवर ठरते. शिवाय आपल्या गाडीचे मागचे फूटरेस्ट काढून पुढे लावणे ही चूक आहे. ती मी स्वतः केली आणि नंतर सुधारली.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर इंजिनगार्डच्या, म्हणजे आपल्या लेगगार्डच्या, सव्वा इंची नळीला क्लॅम्प लावून मागच्या प्रवाशाचे पेग पुढे आणण्याची रीत आहे. एकट्याने फिरणाऱ्या चालकाला मागच्या पेगांची गरज नसते, आणि त्या कंपनीच्या अनेक गाड्यांत पेगाचे मूळ एकाच घडणीचे असल्यामुळे एका जागचा पेग दुसऱ्या जागी सहज बसतो. आपल्याकडे ही सोय नाही. प्रत्येक मॉडेलच्या फूटरेस्टच्या जिभेची, म्हणजे पिनने अडकणाऱ्या चपट्या टोकाची, जाडी वेगळी, पिनचे भोक वेगळे, आणि लेगगार्ड तर बहुधा गाडीबरोबर न येता बाहेरून घेतलेला असल्यामुळे त्याच्या नळीच्या व्यासाचाही भरवसा नाही. म्हणून आपल्याकडे हे काम पाना फिरवून संपत नाही. त्यासाठी व्हर्नियर हे बारीक मापे घेण्याचे साधन हातात घ्यावे लागते आणि लेथवाल्याकडे जावे लागते.

प्रथम फूटरेस्टविषयी. डबलसीटचे फूटरेस्ट दुमडते, आणि हायवे पेगाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. गाडी आडवी झाली, किंवा वळणावर कलताना पेग जमिनीला टेकला, तर तो वर दुमडला गेला पाहिजे. न दुमडणारा पेग जमिनीत रुतून गाडी उचलू शकतो किंवा लेगगार्ड पिळवटू शकतो. बाजारात स्वस्तात मिळणारे अनेक हायवे पेग म्हणजे खाचा पाडलेली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची सरळ दांडी असते, आणि ती दुमडत नाही. दिसायला ते सुबक असतात, तरीही मी ते कोणालाही सुचवणार नाही.

चालकाचे फूटरेस्टही दुमडते; मग तेच का नको, असा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला होता. दोन्हींच्या घडणीत फरक आहे. चालकाच्या फूटरेस्टला परत आणणारी स्प्रिंग असते, त्यामुळे दुमडलेले फूटरेस्ट सोडताच पुन्हा उघडते. पाय सतत त्यावरच असायचा असल्यामुळे ते योग्यच आहे. डबलसीटचे फूटरेस्ट मात्र वापरात नसताना मिटलेले राहिले पाहिजे. माझ्याकडच्या जोडीत त्यासाठी जिभेच्या पोटात एक छोटी स्प्रिंग आणि तिच्या तोंडाशी पोलादी गोळी आहे; फूटरेस्टची जीभ गाडीच्या ज्या यू आकाराच्या पकडीत पिनने बसते, त्या कानातल्या खळग्यात ती गोळी टक्कन बसते आणि फूटरेस्ट उघड्या किंवा मिटलेल्या अवस्थेत टिकून राहते. हायवे पेगाला नेमके हेच हवे. शहरात शिरताना, गर्दीत आणि पार्किंगमध्ये तो मिटलेला राहावा, आणि मोकळ्या रस्त्यावर टाचेच्या एका धक्क्याने उघडावा. त्याशिवाय जाड रबर, माणसाचे अर्धे वजन पेलण्याइतकी मजबूत घडण, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी सुटे रबर मिळण्याची खात्री, हे गुण आहेतच.

या गोळीच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ती ज्या खळग्यात बसते तो खळगा फूटरेस्टमध्ये नसून गाडीच्या कानात असतो. फूटरेस्ट एकटे काढून नव्या क्लॅम्पच्या कानात बसवले, तर गोळीला बसायला जागाच उरत नाही आणि पेग खिळखिळ्या दारासारखा हलत राहतो. म्हणून नवा कान करून घेताना पेगाची उघडी आणि मिटलेली अवस्था खुणेने आखून, त्या दोन ठिकाणी ड्रिलच्या टोकाने उथळ खळगे पाडून घ्यावे लागतात. काम पाच मिनिटांचे आहे, परंतु ते राहून गेले तर संपूर्ण जोडणी निकामी वाटू लागते.

डावे आणि उजवे फूटरेस्ट एकमेकांच्या जागी चालत नाही, हेही येथेच नोंदवतो. उघडल्यावर फूटरेस्ट कोठे थांबायचे हे त्याच्या मुळाशी असलेल्या टेकूवर ठरते, आणि बाजू बदलली की पेग आडवा न राहता खाली झुकतो. झुकलेल्या पेगावरून पाय हळूहळू बाहेर घसरतो, आणि सरळ रस्त्यावर 80 च्या वेगात बूट निसटणे ही किरकोळ बाब नव्हे.

आता क्लॅम्प. या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच असल्यामुळे त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिला क्लॅम्प मी तयार घेतला होता. ओतीव ॲल्युमिनियमचा, काळ्या रंगाचा, दोन अर्ध्या भागांचा, जोडीला सुमारे 1,100 रुपये. विक्रेत्याने तो सगळ्या गाड्यांना बसतो असे सांगितले आणि सोबत रबराची एक पट्टी दिली. माझ्या लेगगार्डची नळी व्हर्नियरने 28 मिलिमीटर भरली. क्लॅम्प 32 मिलिमीटरसाठी कोरलेला होता आणि उरलेली फट ती रबराची पट्टी भरून काढणार होती. पहिल्या दिवशी सगळे घट्ट बसले. तिसऱ्या फेरीत, म्हणजे सुमारे 1,400 किलोमीटरनंतर, साताऱ्याजवळ चहासाठी थांबलो असताना उजवा पेग समोरच्या बाजूला फिरलेला दिसला, आणि निरखून पाहिले तेव्हा बोल्टच्या भोकापासून निघालेली एक बारीक चीर क्लॅम्पच्या कडेपर्यंत पोहोचली होती. तेथेच दोन्ही क्लॅम्प उतरवून डिकीत टाकले.

चीर का गेली, ते घरी आल्यावर स्पष्ट झाले. नळीवर पकड येण्यासाठी क्लॅम्पच्या दोन अर्ध्या भागांमध्ये, बोल्ट पूर्ण आवळल्यानंतरही, एक ते दीड मिलिमीटर फट उरली पाहिजे. ती फट असेपर्यंतच बोल्टची ओढ नळीवर उतरते. दोन भाग एकमेकांना टेकले की त्यापुढे कितीही आवळले तरी नळीवरची पकड वाढत नाही. वाढतो तो फक्त क्लॅम्पच्या कानांवरचा ताण. माझ्या क्लॅम्पचे भाग रबर दबल्याबरोबर एकमेकांना टेकत होते. रबराचा स्वभाव असा की सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि पकड ढिली पडते. मग मी पाना घेऊन पुन्हा आवळत होतो आणि प्रत्येक आवळण्याबरोबर ओतीव ॲल्युमिनियमचा कान थोडा अधिक वाकत होता. त्यात क्लासिकच्या जुन्या इंजिनाची कंपने. 90 मिलिमीटरच्या लांब स्ट्रोकचे ते 346 सीसीचे इंजिन बॅलन्सर शाफ्टशिवाय, म्हणजे कंपने कमी करणाऱ्या दांड्याशिवाय, चालते, आणि लेगगार्डच्या टोकाशी ती कंपने हातालाही जाणवतात. वाकलेला कान आणि सततचे हादरे एकत्र आले की ओतीव धातूला चीर जाणारच. त्यामुळे दोष केवळ त्या विक्रेत्याचा होता असे मी म्हणणार नाही. 28 च्या नळीला 32 चा क्लॅम्प लावण्याचे मी मान्य केले, हीही तितकीच मोठी चूक होती.

दुसरा क्लॅम्प मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतला. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग घडवण्यात ज्या वस्तीच्या पिढ्या गेल्या, तेथे दोन फूटरेस्टचे क्लॅम्प ही मोठी मागणी नव्हे. तरीही ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो तेथील मिस्त्रींनी काम हातात घेण्यापूर्वी गाडी दारात लावायला सांगितली, नळी तीन ठिकाणी मोजली, आणि पावडर कोटिंगमुळे जाडी कोठे कमी-अधिक आहे हे मला दाखवले. कामाकडे पाहण्याची ही रीत आमच्या विद्यार्थ्यांनी पाहावी असे मला मनापासून वाटले.

त्यांनी केलेली पद्धत अशी. 45 मिलिमीटरच्या मऊ पोलादाच्या सळईचा तुकडा लेथवर धरून त्याला नळीच्या मापाचे 28 मिलिमीटरचे भोक कोरले, दोन्ही बाजूंना बोल्टसाठी कान वेल्ड केले, त्यांना भोके पाडली, आणि सर्वांत शेवटी तो तुकडा मधोमध उभा कापला. कापताना करवतीच्या पात्याची जेवढी जाडी खाल्ली गेली, तेवढी दीड मिलिमीटरची फट दोन भागांमध्ये आपोआप तयार झाली. आधी कापून मग कोरले असते तर ही फट मिळाली नसती. नळीचा रंग खरवडू नये म्हणून आत रबराऐवजी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा घातला. पत्रा पसरत नाही, त्यामुळे पकड टिकते. एका क्लॅम्पला 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट, 8.8 या मजबूत प्रतीचे, नायलॉकच्या, म्हणजे हादऱ्यांनी ढिले न होणाऱ्या, नटांसह. ते टॉर्क पान्याने 22 न्यूटन मीटरवर आवळले. वर्षभरात मी ते चार वेळा तपासले आणि पहिल्या 500 किलोमीटरनंतरची एक किंचित ओढ सोडली तर पुन्हा आवळण्याची गरज पडलेली नाही.

पेग ज्यात बसतो तो यू आकाराचा कान क्लॅम्पवर वेल्ड केलेला आहे. फूटरेस्टची जीभ 14 मिलिमीटर जाड आहे आणि कानातले अंतर 14.2 ठेवले आहे. एवढ्या सैलपणात पेग मोकळा दुमडतो, पण पायाखाली कुरकुरत नाही. पिन 8 मिलिमीटरची असून तिला वॉशर आणि स्प्लिट पिन आहे. कानाची दिशा ठरवताना मिस्त्रींनी पेग सरळ वर न दुमडता वर आणि मागे दुमडेल असा तिरपा कोन दिला, कारण चालत्या गाडीवर समोरून येणारा धक्का पेगाला मागे ढकलतो आणि दुमडण्याची दिशा त्या धक्क्याला अनुकूल असली पाहिजे. मला हे सुचले नव्हते.

क्लॅम्प, कान, वेल्डिंग आणि पावडर कोटिंग मिळून 1,400 रुपये झाले. फूटरेस्टची जोडी जुनी, भंगारातील गाडीची, 250 रुपयांना मिळाली आणि नवी रबरे 120 रुपयांची. एकूण खर्च 1,770 रुपये. तयार दुमडते पेग यापेक्षा स्वस्तही मिळू शकतात आणि बरेच महागही; परंतु माझ्या नळीच्या नेमक्या मापाचा क्लॅम्प मला कोठेही तयार मिळाला नव्हता.

एक सूचना येथेच देतो. कान थेट लेगगार्डच्या नळीवर वेल्ड करून देण्याची तयारी अनेक ठिकाणी दाखवली जाते आणि खर्चही निम्मा सांगितला जातो. ते करू नये. नळीचा पत्रा पातळ असतो, वेल्डच्या उष्णतेने त्या जागी तो कमजोर होतो, क्रोम किंवा कोटिंग जळून पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो, आणि जागा चुकली तर ती बदलता येत नाही. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत तर इंधन इंजेक्शनचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. गाडीवरच वेल्डिंग करून ते जोखमीत घालण्याचे काही कारण नाही.

जागेविषयी. पहिल्या वेळी मी पेग लेगगार्डच्या सर्वांत रुंद भागावर, हाताला सोयीचे वाटेल तेथे, बसवले होते. ते दिसायला छान होते आणि बसायला वाईट. पेग फार वर असल्यामुळे मांड्या उचलल्या जात, आसनावरचा भार मांड्यांवरून निघून थेट माकडहाडावर येई, आणि अर्ध्या तासात कंबर भरून येई. दुसऱ्या वेळी मी गाडी मुख्य स्टँडवर उभी करून, आसनावर बसून, दोन्ही पाय सैल सोडून पुढे पसरले आणि टाचा जेथे सहज विसावल्या त्या उंचीवर खडूने खूण केली. ती जागा चालकाच्या फूटरेस्टपेक्षा केवळ चार बोटे वर आली. गुडघा तेथे पूर्ण ताठ होत नाही, किंचित वाकलेला राहतो, आणि तसाच तो हवा. ताठ पाय खड्ड्याचा धक्का थेट कमरेला पोहोचवतो. शिवाय पेग लेगगार्डच्या बाहेरच्या वळणाऐवजी आतल्या उतरत्या नळीवर घेतल्यामुळे मिटल्यावर तो गार्डच्या रुंदीच्या आत राहतो आणि उघडल्यावर जेमतेम 3 सेंटिमीटर बाहेर येतो. उजव्या बाजूला सायलेन्सरचा गरम पाइप आहे. पँटचा घोळ किंवा बुटाची लेस त्याला लागणार नाही याची खात्री गाडी सुरू करण्यापूर्वी करून घ्यावी.

रस्त्यावरचा अनुभव आता सांगतो. कोल्हापूर सोडल्यावर पेठ नाक्यापर्यंत मी पाय नेहमीच्या जागी ठेवतो. त्यानंतर जेथे रस्ता सरळ, कोरडा आणि मोकळा दिसतो तेथे दहा-पंधरा मिनिटे पाय पुढे घेतो आणि पुन्हा मागे आणतो. फायदा पाय पुढे असण्याचा नाही, जागा बदलता येण्याचा आहे. सलग तासभर पाय पुढे ठेवून पाहिले तेव्हा गुडघा बरा राहिला पण कंबर दुखली. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळीने मात्र पुण्यात उतरल्यावर मी लंगडत नाही, आणि या एका कारणासाठी ही जोडणी मला दुप्पट किमतीतही परवडली असती.

वेगाचा प्रश्न आहे. ताशी 60 ते 75 किलोमीटर या टप्प्यात पाय निवांत राहतात. 80 च्या पुढे वारा पँटच्या पायात शिरून पाय बाहेर ढकलू लागतो आणि ते आत धरून ठेवण्यासाठी मांड्यांना जोर द्यावा लागतो. मग आराम संपतो. कंपने पेगावर नेहमीच्या फूटरेस्टपेक्षा अधिक जाणवतात, कारण लेगगार्ड ही इंजिनाच्या बोल्टांना टांगलेली लांब कमान आहे आणि तिच्या टोकाशी हादरे वाढतात. जाड रबरामुळे ती सुसह्य होतात. बॅलन्सर शाफ्ट असलेल्या नव्या 349 सीसी इंजिनाच्या क्लासिकवर एका स्नेह्यांसाठी हीच जोडणी मिस्त्रींनी केली. ती मी स्वतः चालवून पाहिली आणि तेथे कंपनांची तक्रार जवळपास उरत नाही. पावसात मात्र उपयोग नाही. पुढच्या चाकाचे पाणी आणि चिखल थेट बुटांवर येतो, रबर ओले होऊन निसरडे होते, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पाय ब्रेकपासून दूर ठेवणे तसेही योग्य नव्हे. जून ते सप्टेंबर माझे पेग मिटलेलेच असतात.

ब्रेकचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि तो मी मोजून पाहिला. गाडी मुख्य स्टँडवर उभी असताना मुलीने मोबाइलवर चित्रीकरण केले आणि तिच्या इशाऱ्यावर मी मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय नेला. नेहमीच्या फूटरेस्टवरून सरासरी 0.2 सेकंद लागले, हायवे पेगवरून 0.7. अर्ध्या सेकंदाचा हा फरक ऐकायला लहान वाटतो; पण ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते, म्हणजे पाय पेडलवर पोहोचेपर्यंत 11 मीटर अधिक, जवळजवळ एका एसटी बसच्या लांबीइतके अंतर, मागच्या ब्रेकशिवाय कापले जाते. पुढचा ब्रेक हातात असतो, तो तत्काळ लागतो, आणि थांबवण्याचे मोठे काम त्याचेच आहे, हे खरे. तरीही तोल सावरत थांबण्यासाठी दोन्ही ब्रेक हवेत. डावा पाय गिअरपासूनही तितकाच दूर असतो. शिवाय पाय पुढे असताना फूटरेस्टवर उभे राहून खड्डा झेलता येत नाही. प्रत्येक खड्डा मणक्यानेच सोसावा लागतो.

म्हणून काही ठिकाणे माझ्यासाठी ठरलेली आहेत. सहापदरीकरणाच्या कामामुळे जेथे वाहतूक सेवारस्त्यावर वळवली आहे तेथे, गावाच्या फाट्यावर, दुभाजकाच्या प्रत्येक तोडलेल्या जागी, खंबाटकीच्या घाटात, कात्रजच्या अलीकडे, आणि अंधार पडल्यानंतर सगळीकडे, पाय मागे. गाळपाच्या हंगामात तर वाळव्यापासून साताऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय अचानक समोर येतो आणि कधी कधी उलट्या दिशेनेही येतो. त्या महिन्यांत मी हायवे पेग क्वचित उघडतो. दुसरीकडे, निपाणी ओलांडून बेळगावकडे जाताना लांब, सरळ टप्पे मिळतात आणि तेथे या पेगांचा खरा उपयोग होतो. ज्या दोन रस्त्यांवर ते सर्वाधिक शोभले असते, त्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर, दुचाकींना प्रवेशच नाही.

आता त्या चुकीविषयी. पहिल्या जोडणीच्या वेळी मी नवी जोडी घेतली नव्हती. मी एकटाच फिरतो, मागचे फूटरेस्ट पडूनच असतात, असा विचार करून ते काढले आणि पुढे बसवले. पुण्यात पोहोचलो तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, मला स्वारगेटपर्यंत सोडा ना.” ती मागे बसली आणि पाय ठेवायला जागाच नव्हती. तिने पाय अधांतरी धरले. पहिल्या गतिरोधकाला तिचा बूट मागच्या चाकाच्या जाळीपर्यंत गेला, आणि मी गाडी बाजूला घेऊन तिला रिक्षाने पाठवले. त्या क्षणी मनात जी भीती दाटली ती अजून आठवते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 123 सांगतो की मागे बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी असलीच पाहिजे. हा नियम मला ठाऊक होता. मी एकटाच बसणार या समजुतीने तो बाजूला ठेवला होता. रस्त्यात कोणाला तरी दवाखान्यात न्यायची वेळ येते, गावाकडे कोणी हात करतो, आणि अशा वेळी गाडीला मागे फूटरेस्ट नसणे हा धोका आपण दुसऱ्याच्या पायावर ढकलत असतो. म्हणून डबलसीटचे फूटरेस्ट पुढे लावायचे असेल तर ते दुसऱ्या गाडीचे, भंगारातले किंवा सुटे विकत घेतलेले असावे. अडीचशे रुपयांचा हा प्रश्न आहे.

लेगगार्डचीही एक मर्यादा आहे आणि ती पाळली पाहिजे. तो गाडी पडल्यावर पाय वाचवण्यासाठी असतो, माणसाचे वजन पेलण्यासाठी नव्हे. पेगांवर पाय विसावावेत. त्यांवर उभे राहू नये, लहान मुलाला उभे करू नये, गाडीवर चढताना पायरी म्हणून वापरू नये. पेग बसवल्यानंतर गार्डचे स्वतःचे बोल्टही दर दोन हजार किलोमीटरला तपासावेत. माझ्या गाडीच्या खालच्या डाव्या बोल्टचा नट सहा महिन्यांत अर्धा फेरा ढिला झालेला आढळला. पेग नसताना तो कधी हललेला नव्हता.

हे कोणी करू नये, हेही सांगितले पाहिजे. ज्यांची गाडी मुळातच पाय पुढे ठेवून चालवण्याची आहे, उदाहरणार्थ मीटिऑर 350 किंवा ॲव्हेंजर, त्यांना याची गरज नाही. त्यांचे पेडल आणि गिअर पायाबरोबर पुढे आलेले असतात, आणि ती रचना माझ्या जोडणीपेक्षा निश्चितच सुरक्षित आहे. ज्यांचा बहुतेक प्रवास शहरात आहे त्यांनीही हा खर्च करू नये. उंची कमी असलेल्या चालकाला पेगापर्यंत पोहोचण्यासाठी आसनावर पुढे सरकावे लागत असेल, तर आरामाऐवजी पाठदुखी वाढेल. खडूची खूण करून पाहण्याची चाचणी एक पैसाही न लागता घरी करता येते. ती करून मगच मिस्त्रींकडे जावे.

जोडणीची आजची स्थिती अशी आहे. क्लॅम्पवर चीर नाही, वेल्डजवळ गंज नाही, डाव्या पेगाची गोळी अजून टक्कन बसते. उजव्या पेगाचा खळगा थोडा झिजला आहे आणि खराब रस्त्यावर मिटलेला पेग कधी कधी आपोआप उघडतो. तो खळगा जरा खोल करून घेण्यासाठी या शनिवारी पुन्हा उद्यमनगरात जायचे आहे, आणि रबराची नवी जोडीही त्याच वेळी बसवून घेणार आहे.